सूर्य, सरोवरे आणि जयपूर

जयपूरला जाणारा प्रवासी प्रथम हवामहालासमोर उभा राहतो, मग लाखेच्या बांगड्या व सांगानेरी छापाची वस्त्रे खरेदी करतो, आणि जंतर-मंतरला घाईघाईने अर्धा तास देऊन आमेरच्या वाटेला लागतो. वाचकहो, आपण जाल तेव्हा हा क्रम थोडा बदलावा अशी आमची विनंती आहे. सवाई जयसिंह महाराजांनी १७२७ साली हे नगर वसविले आणि त्याच सुमारास राजवाड्याला लागून दगडचुन्याची ही वेधशाळा उभारण्यास घेतली. तेथील सम्राट यंत्र सुमारे सत्तावीस मीटर उंच आहे. ऊन स्वच्छ असेल तर त्याची सावली बाजूच्या दगडी चापावरून सेकंदाला जवळजवळ एक मिलिमीटर सरकते. म्हणजे काल पुढे जात असल्याचे आपण तेथे साध्या डोळ्यांनी पाहू शकतो.

मराठी माणसाने तेथे क्षणभर अधिक थांबावे असे आणखी एक कारण आहे. महाराजांच्या पदरचे ज्योतिषी पंडित जगन्नाथ सम्राट हे मूळचे महाराष्ट्रीय. युक्लिडची भूमिती त्यांनी अरबीतून ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणली आणि टॉलेमीच्या ग्रंथाच्या आधारे ‘सम्राट-सिद्धांत’ रचला. भाषांतराच्या मेजावर आयुष्य घालविणाऱ्या आमच्यासारख्यांना या गोष्टीचा थोडा अधिक अभिमान वाटला, तर वाचक तो पोटात घालतील.

सावली ही मोजण्याची वस्तू आहे, हा त्या आवारातील धडा मनात ठेवून आपण शहराबाहेर पडू. आमेरच्या रस्त्यावर उजव्या हाताला एक विस्तीर्ण सरोवर लागते आणि त्याच्या मध्यभागी पिवळसर दगडाचा एक महाल पाण्यावर ठेवल्यासारखा दिसतो. हा जलमहाल आणि हे मानसागर. सरोवर भरले म्हणजे महालाच्या पाच मजल्यांपैकी चार पाण्याखाली जातात आणि वरचा तेवढा प्रवाशाच्या छायाचित्रात येतो. येथील बांधाचे मूळ सोळाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळात आहे असे सांगतात. जयपूरच्या आसपासची बहुतेक तळी अशीच आहेत: निसर्गाने दिलेली कमी, आणि दुष्काळाने शिकविलेल्या माणसांनी बांधलेली अधिक.

काठावरच्या फरसबंदीवर उन्हाळ्याच्या दुपारी उभे राहिले असता कोणाही विचारी माणसाच्या मनात दोन गोष्टी एकदम येतात. वर एवढे ऊन आणि खाली एवढे उघडे पाणी! ऊन वाया चालले आहे आणि पाणी उडून चालले आहे. मग या पाण्यावर सौर पॅनेल अंथरली तर वीजही मिळेल आणि पाणीही वाचेल. ही कल्पना इतकी सोपी व इतकी सुंदर आहे की ती ऐकताच माणूस तिच्या बाजूचा होतो. आम्हीही झालो होतो, आणि बऱ्याच अंशी अजूनही आहोत. परंतु जयपूरच्या पंचक्रोशीत वेगवेगळ्या प्रकृतीची चार पाणी आहेत, आणि ती पाहिल्यावर ‘पाणी’ हा शब्द एकवचनी वापरावा की नाही, असा संशय येऊ लागतो.

ज्यांनी पाण्यावरील सौर केंद्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी त्याची रचना थोडक्यात सांगितली पाहिजे. जाड प्लॅस्टिकचे पोकळ ठोकळे एकमेकांत गुंतवून मोठाले तराफे करतात. त्यांवर पॅनेल किंचित तिरपी बसवितात. तराफा वाऱ्याने भरकटू नये म्हणून दोर लावून तो तळाशी ठेवलेल्या काँक्रीटच्या वजनांना अथवा काठाला नांगरतात, आणि पाण्याची पातळी चढली-उतरली तरी चालावे इतकी ढील दोरांना ठेवतात. वीज तारांवाटे काठावर येते. असा पहिला लहानसा प्रयोग २००७ साली जपानमध्ये झाला. आपल्याकडे केरळात वायनाडच्या बाणासुरसागर जलाशयावर २०१७ साली अर्ध्या मेगावॉटचे केंद्र तरंगू लागले. तेलंगणातील रामगुंडमच्या औष्णिक केंद्राच्या जलाशयावर २०२२ साली शंभर मेगावॉटचे केंद्र पूर्ण झाले. आणि इंदूर-खांडव्याकडील आमच्या वाचकांना ठाऊक असेलच की ओंकारेश्वरच्या धरणामागील नर्मदेच्या पाण्यावर २०२४ साली नव्वद मेगावॉटचा एक प्रकल्प सुरू झाला.

या रचनेचे गुण उघड आहेत. जमीन लागत नाही, म्हणून शेत जात नाही व चराऊ कुरण जात नाही. पाण्याच्या सान्निध्याने पॅनेल थंड राहतात, आणि थंड पॅनेल तापलेल्या पॅनेलपेक्षा थोडी अधिक वीज देते. शिवाय झाकलेल्या पाण्याची वाफ कमी होते. रामगुंडमचे केंद्र सुमारे पाचशे एकर पाण्यावर पसरले आहे आणि त्यामुळे वर्षाला साडेबत्तीस लाख घनमीटर पाणी वाचेल असे सांगण्यात आले. वाचकांपैकी कोणी घरच्या मुलाकडून हे गणित करून घ्यावे. पाचशे एकर म्हणजे सुमारे वीस लाख चौरस मीटर. भागाकार केला की वर्षाला एक मीटर साठ सेंटिमीटर उंचीचे पाणी येते. आपल्या उष्ण प्रदेशात उघड्या जलाशयातून वर्षभरात साधारण दीड ते दोन मीटर पाणी उडते. म्हणजे झाकलेल्या भागातील बहुतेक सर्व वाफ अडेल असे येथे धरलेले आहे. तराफ्यांतील फटी, पॅनेलांखालून वाहणारा वारा व तापलेली हवा यांचा विचार करता हा हिशेब आम्हाला जरा उदार वाटतो. तरीही त्यातील निम्मे पाणी वाचले तरी ते थोडे नव्हे.

जयपूरसारख्या शहराला तर मुळीच थोडे नव्हे. या शहराच्या नळाला आज जे पाणी येते त्याचा फार मोठा भाग दक्षिणेकडे शंभर किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या टोंक जिल्ह्यातील बिसलपूर धरणातून येतो. बनास नदीवरील हे धरण ज्या वर्षी भरते त्या वर्षी जयपूरच्या वृत्तपत्रांतून दरवाजे उघडल्याची छायाचित्रे झळकतात, आणि ज्या वर्षी भरत नाही त्या वर्षी घरोघरी बादल्या मोजल्या जातात. अशा खोल व मुख्यत्वे पिण्यासाठी राखलेल्या जलाशयाचा एक भाग झाकला तर त्यात लाभाचेच पारडे जड होण्याचा संभव आहे. सिंगापूरने २०२१ साली आपल्या टेंगे जलाशयावर साठ मेगावॉटचे केंद्र उभारले, तेव्हा आधी पाण्याचा व पक्ष्यांचा अभ्यास केला, जलाशयाचा सुमारे एक तृतीयांशच भाग व्यापला, आणि मध्ये वारा व उजेड खेळावा म्हणून मोकळ्या वाटा ठेवल्या. लहान राष्ट्र, जागा कमी. तरीही दोन-तृतीयांश पाणी उघडे ठेवले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

कारण उघड्या पाण्याला उन्हाचे व वाऱ्याचे काम असते. जलाशयात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती तरंगत असतात. त्या सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि पाण्यात प्राणवायू सोडतात. वारा पाण्याचा पृष्ठभाग ढवळतो आणि हवेतील प्राणवायू खाली पोहोचवितो. त्या प्राणवायूवर मासे जगतात, आणि तळाशी साचलेला पालापाचोळा व घाण कुजविणारे सूक्ष्मजीवही जगतात. पॅनेल अंथरली की उजेड आणि वारा हे दोन्ही कमी होतात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी काही लहान तळ्यांचा सत्तर टक्के पृष्ठभाग झाकून पाहिला. तळ्यांतील प्राणवायू बराच घटला, आणि मिथेन व कर्बवायूचे उत्सर्जन सुमारे सत्तावीस टक्क्यांनी वाढले, असे त्यांना २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आढळले. हवा शुद्ध राहावी म्हणून केलेल्या उपायातून तळ्याच्या पोटातून असा वायू बाहेर पडावा, ही चकित करणारी गोष्ट आहे. अर्थात सत्तर टक्के झाकणे म्हणजे फारच झाकणे झाले, आणि ती तळी लहान व उथळ होती. इंग्लंडमधील विंडरमिअर सरोवरासंबंधी शास्त्रज्ञांनी मांडलेल्या गणिती प्रतिकृतीत असे दिसले की, पॅनेलांनी ऊन अधिक अडविले तर एक परिणाम होतो आणि वारा अधिक अडविला तर त्याच्या उलट. सरोवरातील वरचे उबदार व खालचे थंड पाणी किती काळ वेगळे राहणार, हे त्या दोहोंच्या प्रमाणावर ठरते. म्हणजे एका तलावाचा अनुभव दुसऱ्याला जसाच्या तसा लावता येत नाही.

किड्यांचीही एक नवलाची गोष्ट येथे सांगून टाकतो. पाण्यावरून परावर्तित झालेल्या प्रकाशाला एक विशिष्ट वळण असते आणि त्याच खुणेने काही जलकीटक पाणी ओळखतात. काळ्या चकचकीत पॅनेलवरून येणारा प्रकाश त्यांना पाण्याहूनही अधिक पाण्यासारखा वाटतो. मग ते पॅनेललाच तळे समजून त्यावर अंडी घालतात, आणि ती वाळून जातात. मृगजळाच्या प्रदेशात ही गोष्ट विशेष पटते.

आता पुन्हा मानसागराकडे वळू. या सरोवरात शहराचे सांडपाणी पिढ्यान्‌पिढ्या येत राहिले. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची अवस्था अशी होती की प्रवासी नाकाला रुमाल लावून जलमहाल पाहत. पुढे २००१ पासूनच्या दशकात नाले वळविण्यात आले, सांडपाणी शुद्ध करून सोडण्याची सोय झाली, गाळ काढला गेला आणि पक्ष्यांना घरटी करण्यासाठी पाण्यात बेटे उभारली गेली. पक्षी परत आले. हिवाळ्यात सकाळी गेलात तर दुर्बीण घेतलेली माणसे काठावर हमखास भेटतात. असे सांडपाणी पचविणाऱ्या सरोवराला सावली देणे म्हणजे आजारातून उठलेल्या माणसाच्या खोलीच्या खिडक्या लावून घेणे होय. सावलीने शेवाळ कमी होईल हे खरे, आणि हिरवट पाणी पाहून कंटाळलेल्यांना तेवढे बरेही वाटेल. परंतु तळच्या गाळाला प्राणवायू अपुरा पडला की त्यात बसलेले स्फुरद पुन्हा पाण्यात उतरते, आणि तेच शेवाळाचे खत असते. शिवाय मिळणार काय? मानसागराचा विस्तार सुमारे तीनशे एकर. त्याचा तिसरा हिस्सा झाकला तरी, रामगुंडमच्या प्रमाणाने, वीस मेगावॉट. एवढी वीज तर जयपूरच्या गच्च्यांवरून, शाळा-कचेऱ्यांच्या छपरांवरून आणि रेल्वे-फलाटांवरून गोळा व्हावी. या शहरात सपाट गच्च्यांना काय तोटा!

मानसागराहून अधिक बोलके तळे मात्र आपल्याला ईशान्येकडे सुमारे तीस किलोमीटरवर भेटते, आणि त्यात पाणीच नाही. हे रामगढ. महाराजा माधोसिंह दुसरे यांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाणगंगा नदीवर हा बांध घालण्यास आरंभ झाला. कित्येक दशके जयपूर हेच पाणी प्याले. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकाशर्यती येथे झाल्या, ही गोष्ट आज तेथे उभे राहून सांगितली तर ऐकणारा थट्टा समजेल. बांध जागेवर आहे, भिंत भक्कम आहे, आणि समोर बाभळी, गवत व गुरे. येथले पाणी उन्हाने नेले का? ऊन तर १९८२ मध्येही तेवढेच होते. रामगढचे पाणी अडले ते वरच्या बाजूला: नदीच्या व ओढ्यांच्या पात्रांत झालेल्या अतिक्रमणांनी, लहानमोठ्या बांधांनी, आणि जमिनीतील पाणी खोल खोल उपसल्याने. प्रकरण राजस्थान उच्च न्यायालयापर्यंत गेले, आदेश निघाले, सरोवर भरले नाही. वाफेच्या रूपाने जाणारे पाणी हे पाण्याच्या चोरीतील एक कलम झाले. पॅनेलवाल्यांच्या पत्रकांत ते पहिले व एकमेव असते, म्हणून रामगढचा फेरफटका कोणीही चुकवू नये. शिवाय जे जलाशय उन्हाळ्यात तळ दाखवितात तेथे तराफे चिखलावर टेकतात व नांगराच्या दोरांचा गुंता होतो, ही अगदी व्यवहारातली अडचण आहेच.

आता पश्चिमेला चला. जयपूरहून सुमारे ऐंशी किलोमीटर, फुलेऱ्याच्या वाटेने, सांभर. लांबी सुमारे पस्तीस किलोमीटर, पण पावसाळ्यानंतरही खोली जेमतेम पुरुषभर किंवा थोडी अधिक, आणि उन्हाळ्यात कित्येक ठिकाणी घोट्याएवढीही नाही. शाकंभरी देवीने प्रसन्न होऊन येथल्या अरण्याचे चांदीच्या मैदानात रूपांतर केले. पण चांदीपायी भांडणे होतील या भयाने लोकांनी तिला वर परत घेण्यास विनविले, तेव्हा देवीने चांदीचे मीठ केले, अशी कथा तेथे सांगतात. देवीचे मंदिर सरोवराकाठी आहे. सरोवराला दोन भागांत विभागणारा दगडी बांध, क्याऱ्यांतून वाळत घातलेले खारे पाणी, गुलाबी व तांबूस छटांचे वाफे, मिठाच्या पांढऱ्या राशी आणि त्यांमधून जाणारे अरुंद रूळ, असे ते दृश्य आहे. पाणी येथे उडालेच पाहिजे. ते उडाले नाही तर मीठ होणार नाही, आणि शेकडो मजुरांची चूल त्या मिठावर पेटते. बिसलपूरला जो शत्रू तोच सांभरला अन्नदाता!

रोहित पक्ष्यांची गोष्टही तशीच. सांभरच्या खाऱ्या, उथळ, उन्हाने तापलेल्या पाण्यात सूक्ष्म शेवाळ वाढते. त्यावर बारीक जीव वाढतात. आणि लांब पायांचे रोहित चोच उलटी बुडवून ते पाणी गाळून खातात. त्यांच्या पिसांतील गुलाबी रंग याच अन्नातून येतो. म्हणजे तो रंगही अखेर सूर्याचाच. या सरोवराला १९९० साली रामसर कराराखाली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. तरीही २०१३-१४ च्या सुमारास सांभरच्या मीठ कंपनीच्या जमिनीवर चार हजार मेगावॉटचे प्रचंड सौर केंद्र उभारण्याची योजना पुढे आली. ती तरंगती नव्हती. सरोवराच्या परिसरातील भूमीवरच पॅनेल रोवायची होती. पक्षी व पाणथळ यांच्या कारणाने हरकती आल्या आणि ती योजना तेथे उभी राहिली नाही. राजस्थानला त्यावाचून काही अडले नाही. पुढे जोधपूरपलीकडील भडल्याच्या वाळवंटात दोन हजार मेगावॉटहून मोठे सौर क्षेत्र उभे राहिलेच.

सांभरने २०१९ च्या नोव्हेंबरात एक भयंकर दृश्य पाहिले. अठरा हजारांहून अधिक पक्षी काही आठवड्यांत मरून पडले. प्राणवायू नसलेल्या चिखलात वाढणाऱ्या सूक्ष्मजंतूंचे विष हे त्याचे कारण ठरले. त्याचा सौर पॅनेलांशी काही संबंध नव्हता, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण उथळ व उष्ण पाण्यात प्राणवायूचा तोल किती नाजूक असतो, हे त्या मृत पक्ष्यांच्या राशींनी दाखविले.

एवढे पाहून घरी परतणाऱ्या वाचकाला हा प्रश्न राजस्थानातच सोडून येता येणार नाही. सोलापूरकरांना उजनीचे रोहित ठाऊक आहेत. मराठवाड्यातील वाचकांना तर जायकवाडीचे नाव पुरे. पैठणच्या नाथसागरावर मोठा तरंगता सौर प्रकल्प योजिलेला आहे. हा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, आणि तेथे पिढीजात मासेमारी करणारा कहार समाज आहे. जाळे टाकण्याच्या जागी तराफे आले तर आम्ही जावे कोठे, या त्यांच्या प्रश्नासह प्रकरण हरित न्यायाधिकरणाकडे गेले. तेथे ते २०२४ मध्ये फेटाळले गेले, आणि सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२५ मध्ये ते ऐकून घेण्यास नकार दिला. देशाला प्रदूषणरहित वीज हवी आहे, ही सरकारची बाजू खोटी नाही. नाथसागर सांभरएवढा उथळ नाही आणि मानसागरएवढा आजारी नाही. त्याच्या प्रचंड विस्ताराचा लहानसा भाग व्यापला तर कदाचित फारसे बिघडणारही नाही. आमचे म्हणणे एवढेच की, हे ‘कदाचित’ मोजून काढता येते. सिंगापूरने ते मोजले.

त्यासाठी फार मोठी साधने लागत नाहीत. पहाटेच्या वेळी तळाशी प्राणवायू किती आहे, निरनिराळ्या खोलीवर पाण्याचे तपमान किती, कोणत्या हंगामात कोणत्या बाजूला कोणती मासळी किती मिळते, हे तराफे पसरण्यापूर्वी एकदोन वर्षे नोंदवून ठेवावे लागते. आणि शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कहारांच्या वृद्ध मंडळींहून अधिक चांगले कोणी देऊ शकणार नाही. दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते आणि तीत हौशी माणसांनाही भाग घेता येतो. आपल्या गावाजवळच्या जलाशयावर पॅनेल येणार असल्याची वार्ता असेल, तर मुलांना व एक वही घेऊन या जानेवारीतच तेथे जावे. तराफे आल्यावर पूर्वी येथे किती पक्षी होते असे कोणी विचारील, तेव्हा ती वही काढून दाखविता येईल.